मॅनेजर हाकलला तरी छत गळतंच

पत्र जून २०२५ मधलं आहे, माझं उत्तरही तेव्हाचंच. थोडं कापून देते:

«मी कोल्हापूरचा, वय एक्केचाळीस. ९९ साली दहावीच्या सुट्टीत मामाकडं टीव्हीवर बार्सिलोनातली फुटबॉलची ती फायनल बघितली. नव्वद मिनिटं झाली होती, बायर्न म्युनिक एक गोलनं पुढं, आणि भरपाईच्या मिनिटांत युनायटेडनं दोन गोल मारून कप काढून नेला. तेव्हापासून मी मँचेस्टर युनायटेडचा. गेल्या महिन्यात बिलबाओत टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलो. पहाटे अडीचला मी रिमोट भिंतीवर मारला. अकरा वर्षांचा मुलगा दचकून उठला. सकाळी म्हणाला, ‘पप्पा, मी आता लिव्हरपूल.’ मी त्याच्यावर असा काही ओरडलो, की अजून तो माझ्याशी तुटक बोलतो. त्या रात्री एका खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर जाऊन आईवरून शिव्या लिहिल्या, तेही झालं. मित्रांच्या ग्रुपवर रोज भांडण चालतं. अर्धे म्हणतात मॅनेजर आमोरिमला हाकला, अर्धे म्हणतात वेळ द्या, पूर्वी मॅनेजर फर्ग्युसनलाही दिला होता. मी हाकलावाल्यांतला. बायको म्हणते, ज्यांच्यासाठी एवढा जीव टाकताय त्यांना नकाशात कोल्हापूर दाखवता येणार नाही. मॅनेजर जावा असं वाटणं ही गद्दारी का? क्लबच सोडून देऊ का? आणि पोराशी कसं बोलू?» – एक जळका युनायटेडवाला

प्रिय जळके युनायटेडवाले,

आधी फोन उघडा आणि ती शिवी काढून टाका. हा लेख पुढं वाचायच्या आधी. २०२१ मध्ये युरो कपची फायनल इंग्लंड पेनल्टींवर हरला, तेव्हा रॅशफर्ड, सांचो आणि साका या तीन पोरांच्या खात्यांवर जगभरातून जे येऊन पडलं ते आठवा. पेनल्टी चुकली, एवढाच त्यांचा गुन्हा होता. साका तर तेव्हा एकोणीस वर्षांचा. तुम्ही ज्याला लिहिलंत त्यानं स्वतःला संघात निवडलेलं नाही, स्वतःची किंमत ठरवलेली नाही आणि तुमच्या झोपेचं खोबरंही त्यानं केलेलं नाही. यावर मी अधिक बोलत नाही, कारण तुम्ही पत्रात ‘तेही झालं’ लिहिलंय त्याअर्थी तुम्हाला कळलेलं आहे.

आता मॅनेजर. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात रंगतदार वाटला, आणि तुमच्या ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांशी माझं थोडं थोडं भांडण आहे.

तुमच्या रागाला आधार आहे, हे पहिल्यांदा कबूल करू. यंदा लीगमध्ये ३८ सामन्यांत ४२ गुण, १८ पराभव, केलेले गोल अवघे ४४ आणि पंधरावा क्रमांक. १९७४ साली हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता, त्यानंतरचा हा सगळ्यात वाईट मोसम. जानेवारीत घरच्या मैदानावर ब्रायटनकडून ३-१ नं मार खाल्ल्यावर खुद्द आमोरिमच म्हणाले, की क्लबच्या इतिहासातला कदाचित हा सगळ्यात वाईट संघ असेल. मॅनेजरनं हे पत्रकारांसमोर बोलावं का, हा वेगळा वाद. मला विचाराल तर ड्रेसिंग रूममध्ये बोलायचं वाक्य बाहेर सांडलं. फायनलही तशीच झाली. ४२व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनचा तो धड पाय न लागलेला गोल, मग सगळा वेळ चेंडू आपल्याकडं आणि कप त्यांच्याकडं. होयलुंडचं हेडर व्हॅन डे व्हेननं गोलरेषेवरून हवेत उडी मारून काढलं, त्या क्षणी रिमोट मारावासा वाटला असेल तर नवल नाही.

आमोरिमच्या ३-४-३ या मांडणीबद्दलची तक्रारही रास्त आहे. मागं तीन सेंटर बॅक, कडांनी पुढंमागं पळणारे दोन विंगबॅक, आणि मधल्या फळीत दोघंच. समोरच्यानं मध्ये तिसरा माणूस आणून ठेवला की कासेमिरो आणि ब्रुनो दोघं मिळून तिघांमागं धावणार. हे नोव्हेंबरात दिसत होतं, मे महिन्यातही दिसत होतं. पण हेही बघा, की हा संघ जमवला होता दुसऱ्याच्या खेळासाठी, चार बचावपटू आणि कडेनं पळणारे विंगर धरून. आमोरिमच्या मांडणीत त्या विंगरना जागाच नाही आणि ज्यांना जागा आहे ते विंगबॅक संघात नव्हते. जानेवारीत लेच्चेहून विंगबॅक डोर्गू आणला, रॅशफर्ड ॲस्टन व्हिलाला गेला, अँटनी बेटिसला. एवढीच डागडुजी. शिवाय मोसम संपल्यावर येतो असं आमोरिमचं म्हणणं होतं, क्लबनं सांगितलं आत्ता या नाहीतर नको. मोसमाच्या मध्यावर येऊन, सरावाला मोकळा आठवडा न मिळता, अख्खी पद्धत बदलायची. त्यात हटवादीपणा त्यांचा आहे, घाई क्लबची आहे.

आणि इथंच मला ‘हाकला’ पार्टीला विचारायचंय: हाकलल्यावर काय?

२०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून मॉइज झाले, व्हॅन गाल झाले, मोरिन्यो झाले, सोलशायर झाले, टेन हाग झाले, आता आमोरिम. मधले हंगामी वेगळे. व्हॅन गालना चेंडू पायाशी ठेवायचा होता, मोरिन्योंना तो समोरच्याला देऊन टपून बसायचं होतं, सोलशायरना पळत सुटायचं होतं. प्रत्येकानं आपल्या पसंतीचे खेळाडू आणले, आणि प्रत्येकाच्या मागून आलेल्याच्या गळ्यात आधीच्याचे करार पडले. व्हॅन गालनी २०१६ मध्ये एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना नारळ मिळाला. टेन हागनी २०२४ मध्ये तोच कप मँचेस्टर सिटीला हरवून जिंकला, क्लबनं महिनाभर दुसऱ्यांची चाचपणी केली, मग त्यांचाच करार वाढवला, आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना द्यावी लागलेली भरपाई एक कोटी पौंडांच्या वर गेली. त्याच मोसमात क्लबनं काटकसर म्हणून शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या घालवल्या आणि ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावरच्या कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद करून फळं ठेवली. हा निर्णय कुठल्या मॅनेजरनं घेतला?

मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छतातून स्टँडमध्ये धबधबा कोसळला. हे मी उपमा म्हणून लिहीत नाही, खरोखरचं छत खरोखर गळतं. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब विकत घेतला, त्यातला बराच पैसा उसना होता आणि त्याचं ओझं क्लबच्याच डोक्यावर टाकलं. जो क्लब त्याआधी कर्जमुक्त होता तो तेव्हापासून स्वतःच्याच खरेदीचं व्याज फेडतोय. वीस वर्षं. २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती रॅटक्लिफ यांनी पाव हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेऊन फुटबॉलचा कारभार हाती घेतला, पण बहुमत अजून ग्लेझरांकडंच. मॅनेजर मात्र दर शुक्रवारी कॅमेऱ्यासमोर येऊन बसतो. मालक बसत नाही. आपला राग ज्याचा चेहरा दिसतो त्याच्यावर जातो, आणि मालकांना ही सोय फार आवडते.

नवीन मॅनेजर आला की चार सामने जिंकतात, हे तुम्ही म्हणाल. जिंकतात. पण मॅनेजर नेहमी सगळ्यात वाईट काळ चालू असताना काढला जातो. चार सामन्यांत चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, तर पाचव्यात कधीतरी आत जाणारच, मग बाकावर कुणीही बसलेला असो. सोलशायर आले तेव्हा काय वातावरण होतं, आठवा. सुरुवातीचे आठ सामने सलग जिंकले. तुमच्या ग्रुपवर तेव्हा ‘ओले ॲट द व्हील’ (ओले म्हणजे सोलशायरच, सुकाणू त्यांच्या हाती) म्हणून कोण नाचत होतं, ते तुम्हाला माहीत असेल.

आता ‘वेळ द्या’ पार्टी. त्यांचं फर्ग्युसनचं उदाहरण खरं आहे, पण अर्धवट. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते आले. लीगमध्ये अकरावा, दुसरा, पुन्हा अकरावा, मग तेरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीकडून ५-१. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्यानं चादरीवर लिहून आणलं होतं, की तीन वर्षं नुसत्या सबबी, आता निघा. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सनं गोल केला, एफए कपमधली वाट मोकळी झाली, मे महिन्यात कप आला, आणि पुढं काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. लीग मात्र १९९३ मध्ये आली, म्हणजे आल्यापासून सातव्या मोसमात.

पण फर्ग्युसनना वेळ मिळाला म्हणून ते मोठे झाले, एवढंच सांगणारे पुढचं सांगत नाहीत. ज्यांना वेळ मिळाला आणि ज्यांनी क्लब आणखी खाली नेला, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. फर्ग्युसननी त्या तीन वर्षांत दारूत बुडालेल्या मोठ्या नावांना बाहेरचा रस्ता दाखवला होता आणि मँचेस्टरच्या गल्ल्यांतून पोरं शोधणारी माणसं दुप्पट कामाला लावली होती. पुढं क्लबचा मोठा खेळाडू झालेला गिग्ज चौदाव्या वर्षी क्लबमध्ये आला तो त्याच काळात. गुणतालिकेत काही दिसत नव्हतं, पण सरावाच्या मैदानावर दिसत होतं. म्हणजे नुसता वेळ द्या म्हणून भागत नाही. त्या वेळात काय चाललंय, ते विचारायला हवं.

म्हणून माझं मत विचारलंत तर हे: आमोरिमना हा उन्हाळा द्यावा, नाताळपर्यंत द्यावं, आणि मग हिशेब मागावा. पुढच्या मोसमात युरोपात खेळायचं नाही, म्हणजे आठवड्याला एक सामना आणि सरावाला मोकळे दिवस. ही सबब संपली. मधल्या फळीतली ती पोकळी तशीच राहिली, आणि समोरच्यानं दोन गोल मारल्यावरही तेच ३-४-३ चालू राहिलं, तर तुम्ही ‘आउट’ म्हणा, मी हात वर करीन. मॅनेजर जावा असं वाटणं ही गद्दारी अजिबात नाही. क्लब काही मॅनेजरच्या नावावर नाही. टॉटनहॅमचं बघा. लीगमध्ये आपल्याही खाली, सतरावे. तुम्हाला रडवून त्यांनी सतरा वर्षांनी करंडक नेला, आणि जून लागताच मॅनेजर पोस्टेकोग्लूंना काढलं. त्यांच्या चाहत्यांमध्ये आज तुमच्या ग्रुपसारखीच हाणामारी चालू आहे, तीही करंडक जिंकून.

मँचेस्टरमधल्या लोकांनी राग कुठं वळवला ते बघण्यासारखं आहे. ग्लेझर आले त्याच वर्षी काही जणांनी वेगळा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर. सभासदांच्या मालकीचा, एका सभासदाला एक मत. २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लाल सोडून हिरवे-पिवळे मफलर दिसू लागले, क्लब जेव्हा न्यूटन हीथ होता तेव्हाचे रंग. मे २०२१ मध्ये सुपर लीगच्या प्रकरणानंतर (बड्या क्लबांच्या मालकांनी आपलीच वेगळी लीग काढायचा घाट घातला होता) लोक थेट मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढं ढकलावा लागला. यंदा मार्चमध्ये आर्सेनलच्या सामन्याला काळे कपडे घालून मोर्चा निघाला. तिथल्या माणसाचं दुखणं काय, तर मोसमाच्या मध्यावर उरलेल्या सामन्यांचं तिकीट ६६ पौंड केलं, लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. बाप पोराला घेऊन जाणार कसा? त्यांची भांडणं मालकांशी आहेत. मॅनेजरविरुद्ध ते घरच्या मैदानावर सहसा बोंबलत नाहीत, तुमच्या-आमच्यापेक्षा कितीतरी कमी.

तुमच्या हातात तिकीट नाही. मोर्चा नाही. तुमच्याकडं आहे जर्सीचा पैसा, सबस्क्रिप्शनचा पैसा आणि झोप. दुकानात नवीन जर्सी आली की आपोआप खिशात हात जातो, तो यंदा घालू नका. तेवढं जमलं तरी तुम्ही त्या काळ्या कपड्यांच्या मोर्चात सामील झालात असं समजा. आणि झोपेचं बोलायचं तर तुमच्या पत्नीच्या बाजूनं मी उभी आहे. हिवाळ्यात तिथं शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना आपल्याकडं साडेआठला लागतो. तो बघा, जेवून, घरच्यांसोबत. मधल्या वारी रात्री आठचा सामना म्हणजे आपल्याकडं पहाटे दीड. तो सोडा. तुम्ही जागे राहिलात म्हणून पंधराव्याचे चौदावे झाले नसते. फायनल असेल तर जागा, बाकी सकाळी गोल बघायचे. (नकाशाबद्दलचं त्यांचं म्हणणं मात्र मला तितकं पटलं नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला. नकाशात आपण आहोत, त्यांना सांगा.)

ग्रुपबद्दल: आठवडाभर म्यूट.

आता क्लब सोडायचा का, आणि पोरगा. हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे लिहिलेत, मला एकच वाटतात.

तुमच्या-माझ्या गावात संघ निवडत नाहीत, तो पेठेबरोबर येतो. ज्याचं घर ज्या तालमीच्या सावलीत, तो त्या तालमीच्या फुटबॉल संघाचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियमवर कुणी कुठं बसायचं हे आजोबांनी ठरवलेलं असतं आणि दुसऱ्या पेठेच्या संघाला टाळी वाजवली तर घरी जेवण मिळेल की नाही, शंका. मँचेस्टरमध्ये युनायटेड हे असंच येतं. तुम्हाला ते तसं आलेलं नाही. तुम्ही मामाच्या टीव्हीवर एक अशक्य रात्र बघितली आणि जिंकणाऱ्याच्या मागं गेलात. त्यात वाईट काहीच नाही, सोळाव्या वर्षी तसंच होतं. पण मग तुमच्या पोरानं काय वेगळं केलं? त्यानं या वर्षी डोळे उघडून बघितलं. एका बाजूला लिव्हरपूल, नवा मॅनेजर पहिल्याच वर्षी लीग जिंकतो, विसाव्यांदा, म्हणजे आपल्या विसाची बरोबरी करतो. दुसऱ्या बाजूला एक संघ, ज्याच्यामुळं पप्पा पहाटे रिमोट फेकतात. अकरा वर्षांच्या मुलाकडून तुम्हाला दुसरा कुठला निकाल अपेक्षित होता?

तसं बघितलं तर त्याच्या निवडीत तुमच्यासाठी एक धडाही आहे. हे नवे मॅनेजर स्लॉट आले तेव्हा लिव्हरपूलनं त्या मोसमात खेळायला म्हणून किएझा हा एकच नवा खेळाडू आणला, आणि तोही फारसा खेळला नाही. आधीचे मॅनेजर क्लॉप यांनी मागं ठेवलेलं घर धड होतं, म्हणून नव्या माणसाला भिंती पाडाव्या लागल्या नाहीत. तुमच्या ग्रुपवर हे सांगितलंत तर कुणी ऐकणार नाही, पण पोरगा ऐकेल. आणि लिव्हरपूलवालेही १९९० नंतर लीगसाठी तीस वर्षं थांबले होते, हेही त्याला सांगा. चिडवायला म्हणून नाही. आपण काय पत्करतोय ते त्याला माहीत असलेलं बरं.

त्याला सॉरी म्हणा. ‘पप्पांचं डोकं फिरलं होतं’ वगैरे गोलमाल नको. ‘मी ओरडलो ते चुकलं, रिमोट फेकला तेही चुकलं’ असं सरळ. त्यानंतर लिव्हरपूलचा सलाह कसा आत वळतो ते त्यालाच विचारा आणि त्याचं बोलणं मध्येच तोडू नका. पाऊस संपून इथला मोसम सुरू झाला की त्याला शाहू स्टेडियमवर घेऊन जा. तिथं त्याला तुमच्या पेठेचाच संघ मिळेल, त्यात निवड नाही. शिवाय तिथं गोली चुकला तर त्याला नावानं हाक मारून विचारता येतं, आणि तो दुसऱ्या दिवशी चौकात भेटतोही. आठ हजार किलोमीटरवरच्या अनोळखी पोराला आईवरून शिव्या घालण्यापेक्षा हे बरं. फक्त तिथल्या हुल्लडबाजांपासून लांब बसा, त्याची वेगळी तक्रार मला दर मार्चमध्ये येते.

तुम्ही क्लब सोडणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. सोडणारा माणूस एवढं लांबलचक पत्र लिहीत नाही. तेव्हा तो प्रश्न मी सोडून देते. जर्सीचं मात्र लक्षात ठेवा. यंदा तुमचे जे पैसे वाचतील, त्यात पोराला लाल शर्ट घेऊन द्या. हो, लिव्हरपूलचाच, पाठीवर त्याला हवं ते नाव टाकून. आणि युनायटेड-लिव्हरपूल सामना असेल त्या दिवशी दोघांनी एकत्र बसायचं, हरेल त्यानं दुसऱ्या दिवशी मिसळ आणायची. बरोबरी झाली तर पत्नीला विचारा कुणी आणायची. निकाल तुमच्याविरुद्धच जाईल असा माझा अंदाज आहे.